लहान माशी कुणाची?

आमच्या भागात लहान माशी म्हणजे मोठ्या माशीचं पिल्लू. यावर कुणी वाद घालत नाही. शेळीचं करडू असतं, म्हशीचं वगारू असतं, तसं माशीचं पिल्लू. करडाची शेळी होते तशी ही बारकी माशी खाऊनपिऊन मोठी होणार, असं सगळे धरून चालतात. बी.एस्सी. होईपर्यंत मीही तसंच धरून चालले होते. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी प्राणिशास्त्राच्या सरांनी वर्गात सांगितलं, की पंख फुटल्यावर माशी वाढत नाही. कोशातून जेवढी बाहेर पडते, तेवढीच ती मरेपर्यंत राहते. मी उभी राहिले आणि विचारलं, "मग सर, ती पिल्लं असतात ती?"

सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत. "ती पिल्लं कोण आहेत हे तूच शोध," ते म्हणाले. "प्रकल्पाचा विषय मिळाला तुला."

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. आमच्या गावी, घाटनांदूरला, भेटेल त्याला वडील सांगायचे, "पोरगी अंबाजोगाईला शिकायलीय." समोरचा विचारायचा, "काय शिकायलीय?" इथं वडिलांची पंचाईत व्हायची. आधी ते "डॉक्टरकीच्या जवळपासचंच हाय कायतरी" म्हणून वेळ मारून न्यायचे. प्रकल्प सुरू झाल्यावर मात्र त्यांनी चहाच्या टपरीवर खरं ते सांगून टाकलं, "सध्या माशा मारायलीय." त्यानंतर आठवडाभर लोक मला रस्त्यात थांबवून धीर देत होते. "नाराज हू नको बाई, लागंल कुठंतरी नोकरी."

ते बारकं प्रकरण म्हणजे लहान घरमाशी. नावात घरमाशी असली तरी ती जातच वेगळी. लांबून दोघी सारख्याच करड्या दिसतात. भिंगाखाली धरल्या की फरक कळतो. मोठ्या घरमाशीच्या पाठीवर चार काळे पट्टे असतात, लहानीच्या पाठीवर तीन, तेही पुसट तपकिरी. बसल्यावर मोठी आपले पंख दोन्ही बाजूंना फाकवते. लहानी ते पाठीवर एकावर एक घडी करून ठेवते, त्यामुळं अंगानं सडपातळ दिसते. पण खरी खूण पंखातल्या शिरेत आहे. मोठ्या माशीच्या पंखात एक शीर टोकाजवळ एकदम वर वळते. कमरेवर हात ठेवून भांडायला उभ्या राहिलेल्या बाईचं कोपर असतं ना, तशी. लहानीची तीच शीर फारशी न वळता सरळ कडेपर्यंत जाते. सरांनी 'चौथी शीर' असं शिकवलं होतं; मी मनात 'भांडखोर कोपर' असं पाठ केलं आणि परत कधी चुकले नाही.

सरांना एक शंका होती. ही माशी थंड हवेची. आपल्या बीडच्या उन्हात ती कितपत सापडेल? "हिवाळ्यात बघ," ते म्हणाले आणि स्वतःचं भिंग माझ्या हातावर ठेवलं. सरांचं भिंग वापरायला मिळणं ही माझ्यासाठी साधी गोष्ट नव्हती. मी ते रुमालात गुंडाळून, रुमाल डब्यात घालून, डबा पिशवीत ठेवून हिंडायचे. माझ्या मैत्रिणी विचारायच्या, "डब्यात काय गं, धपाटे?"

अंबाजोगाईत मला मोठ्या माश्या हव्या तेवढ्या मिळाल्या. लहान एकही नाही. दिवाळीनंतर थंडी पडली आणि दिंद्रुडहून अक्काचा फोन आला.

अक्का माझी थोरली बहीण. तिची शाळा सातवीला सुटली. माझी सुटायची वेळ आली तेव्हा ती माहेरपणाला आली होती. आठ दिवस ती वडिलांशी बोलली नाही आणि मला कॉलेजात घातल्यावरच सासरी परत गेली. माझ्या पदवीचा फोटो तिच्या घरी बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लावलेला आहे. तो कुणी बघितला नाही तर ती पाहुण्याला चहा जरा उशिराच देते.

फोनवर अक्का हळू आवाजात बोलत होती. "तुझं ते माशाचं शिक्षण कुठवर आलं?"

"का गं?"

"माझं शेड जायची येळ आलीय."

घरामागच्या पडीक जागेत अक्कानं कोंबड्यांचं शेड घातलं होतं. चार गावरान कोंबड्यांपासून सुरुवात करून तिनं दीडशेपर्यंत मजल मारली होती. दाजी दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर असायचे. शेड सगळं अक्काचं. आजूबाजूच्या वाड्यांवरची माणसं अंडी न्यायला यायची आणि "शेडवाल्या बाई कुठं राहतात" असं विचारत यायची. पूर्वी ती कुणाची तरी सून होती, आता शेडवाली होती. पण जागा सामाईक होती आणि तिथं शब्द चालायचा तो चुलत सासऱ्यांचा. त्यांना सगळे काका म्हणतात. त्यांच्या बायकोला, म्हणजे काकीला, बोळीपलीकडच्या तिच्या घरात माश्या फार झाल्या होत्या. माश्या शेडातून येतात, शेड हलवा, असं काकीचं म्हणणं. हलवायला अक्काकडं दुसरी जागाच नव्हती, त्यामुळं हलवणं म्हणजे मोडणं. काका म्हणाले होते, रविवारी बसून ठरवू.

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"म्या म्हनलं, काकी, तुमच्या घरात सगळी पिल्लंच दिसतेत. मोठी माशी गावभर उडंल, पन पिल्लू कुठवर जातंय? पिल्लं जिथं दिसतेत तिथंच जन्मलेली असतेत. म्हंजी माशा तुमच्याच घरच्या. आता तू ये अन् हेच कागदावर शिकल्यावानी बोल. तुझं ऐकत्याल."

माझी मात्र झोप उडाली ती 'सगळी पिल्लंच' या शब्दांनी. महिनाभर शोधत होते ती माशी बहिणीच्या चुलत सासूच्या घरात! शेडाची काळजी मला वाटली नाही असं नाही, पण शनिवारी सकाळच्या पहिल्या बसमध्ये मी बसले तेव्हा आनंदच जास्त होता. हे मी अक्काला अजून सांगितलेलं नाही. हे वाचेल तेव्हा कळेलच.

पोचल्या पोचल्या अक्कानं जुन्या मच्छरदाणीचा तुकडा तारेच्या कड्यावर शिवून मला जाळी करून दिली. ती घेऊन मी काकीच्या दारात उभी राहिले.

"कावून गं बाई," काकी म्हणाली, "मासे धराया आलीस का?"

"माशा, काकी."

"सोळा वर्सं शाळा शिकून माशा? आमची म्हैस शेपटीनं मारती की. ती तर शाळंच्या पुढून बी गेली न्हाई."

पण तिनं घरात घेतलं. मधल्या खोलीत, बरोबर दिव्याखाली, दहा-बारा बारक्या माश्या हवेत फिरत होत्या. कशावर बसत नव्हत्या. सरळ जायच्या, न दिसणारी भिंत लागल्यासारख्या गर्रकन वळायच्या, परत सरळ जायच्या. लहान घरमाशी ओळखायची ही पहिली खूण मी पुस्तकात वाचली होती. आता प्रत्यक्ष बघितली आणि जाळी उचलली.

"अशा फिरतात ते सगळे नर असतात, काकी," मी सांगितलं.

"तरीच," काकी म्हणाली. "सकाळधरनं काम ना धाम, नुसत्या चकरा. बापेच असणार."

सात-आठ माश्या मिळाल्या. त्या हलू नयेत म्हणून थंड करायच्या होत्या, म्हणून डबी अक्काच्या फ्रीजमध्ये वरच्या कप्प्यात ठेवली. अक्का बर्फ काढायला गेली आणि किंचाळली. "गिऱ्हाईक अंडी नेतंय ह्या फ्रीजमधून! खालच्या कप्प्यात अंडी अन् वर माशा! कुनी बघितलं तर काकीची गरजच न्हाई, शेड आपोआप बंद हुतंय."

दुपारी ओट्यावर बसून मी भिंग लावलं. तीन पट्टे. पोटाच्या बुडाशी पिवळसर झाक. पंखातली शीर सरळ, कोपर नाही. एकदा बघितलं, दोनदा बघितलं. मग भिंग घेऊन शेडात गेले आणि पाण्याच्या भांड्यांखालची ओली विष्ठा काडीनं उकरली. चपट्या, तपकिरी, कडेनं काटे असलेल्या अळ्या. लहान घरमाशीच्याच. शेडाच्या कोरड्या भागात एकही नव्हती, ओल होती तिथं वळवळ होती.

अक्का दारात उभी होती. "सापडलं का? पिल्लं कुनाची?"

"अक्का, ती पिल्लं नाहीत. जातच वेगळी आहे. त्या मोठ्या होतच नाहीत."

"बरं, न्हाई तर न्हाई. हायेत कुनाच्या?"

मी काडीनं अळी दाखवली. अक्कानं वाकून त्या अळीकडं बघितलं. मग काडी माझ्या हातातून घेऊन शेडाबाहेर फेकून दिली.

"उद्या हे बोलायचं न्हाई."

"मग काय बोलू?"

"पिल्लं म्हन. तिथंच जन्मली म्हन. काकाला काय कळतंय शिरा अन् पट्टे?"

"अक्का, सरांनी..."

"सर येनार हायेत का माज्या कोंबड्या सांभाळायला?"

संध्याकाळभर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. जेवताना मात्र तिनं माझ्या ताटात दोन अंडी वाढली आणि स्वतःला एक. अक्का अशी रागावते.

रविवारी सकाळी काकांच्या ओसरीवर बैठक बसली. बैठक म्हणजे काका, काकी, अक्का आणि मी. दाजी ट्रॅक्टर धुवायच्या निमित्तानं गायब. मी काकांना जय भीम केला. त्यांनी मला बाजेवर बसवलं आणि आपण खाली बसले. "शिकलेलं मानूस हाय, वर बस," म्हणाले. मला फार अवघडल्यासारखं झालं, पण उठावं तर त्यांचा मान जातो. काकांनी तंबाखू मळत विचारलं, "बोल बाई. ही बारकी माशी कुनाची?"

अक्का माझ्याकडं बघत होती. कॉलेजात घालायच्या वेळी वडिलांकडं बघायची तशीच.

"आमची," मी म्हणाले. "शेडातली. ओल्या विष्ठेत होते. तिथं अळ्या सापडल्या."

अक्कानं पदर तोंडाला लावला. काकीनं दोन्ही हात जोडले. "बघा! घरचं मानूस असून खरं बोलली. म्हनून शिकवावं लेकराला. लई गुणाची पोरगी हाय!" बोळीपलीकडं ऐकू जावं एवढ्या मोठ्यानं तिनं माझं कौतुक केलं. त्या कौतुकानं मला बाजेवर बसवेना. अक्काचं शेड मोडणार होतं आणि ते माझ्या शिक्षणानं मोडणार होतं.

काकीला एवढ्यावर थांबता आलं असतं. पण ती रंगात आली होती. "थांबा, अजून दावते," म्हणून ती स्वयंपाकघरात गेली आणि दुधाच्या पातेल्याजवळची ताटली घेऊन आली. "रोज चार-पाच पडतेत दुधात. ह्या आत्ता काढल्यात. बघ, बघ, ह्या बी शेडातल्याच म्हन."

ताटलीत पाच माश्या होत्या, दुधानं माखलेल्या. मी रुमालानं एकेक पुसली आणि भिंग लावलं. पाठीवर चार पट्टे. पंख फाकलेले. शीर वर वळलेली, चांगली कोपर काढून. पाचही तशाच.

"काकी," मी म्हणाले, "ह्या त्या नाहीत."

"न्हाईत म्हंजी?"

"ह्या मोठ्या घरमाशा. दुधावर, भाकरीवर ह्याच बसतात. त्या बारक्या सहसा खाण्यावर बसत नाहीत, हवेतच फिरतात. तुम्हीच बघितलं की काल."

"मग ह्या कुठल्या?"

काकीच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशीच उकिरडा होता. म्हशीचं शेण, उष्टं, भाजीची देठं, सगळं तिथंच. मी उठले आणि काडी घेऊन गेले. तिघंही मागं आले. वरचा थर बाजूला केला. खाली गुळगुळीत, पांढऱ्या, एका टोकाला निमुळत्या अळ्या. काटे नाहीत.

"मोठ्या माशीच्या," मी म्हणाले.

काका वाकून बघत होते. "शेडात ह्या पांढऱ्या न्हाईत का?" त्यांनी विचारलं. प्रश्न बरोबर होता. मोठी माशी कोंबड्यांच्या विष्ठेतही होते. "होऊ शकतात," मी सांगितलं. "पण काल मी शेड उकरलं तर सगळ्या चपट्या काटेरीच निघाल्या. इथं सगळ्या पांढऱ्या आहेत. उद्या काय निघेल ते मला सांगता यायचं नाही."

काकी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिचं कोपर बघून मला हसू येऊ लागलं आणि मी ते खोकून दाबलं.

"म्हंजी नाचनाऱ्या त्यांच्या अन् पिनाऱ्या आमच्या?" ती म्हणाली. "कुनी शिकवलं गं हे तुला? पट्टे मोजून कुठं गाव कळतं का माशीचं? ह्या पोरीला काय कळतंय!"

"आं?" काका म्हणाले. "आत्ता तर लई गुणाची म्हनलीस. घरचं मानूस असून खरं बोलली म्हनलीस."

"ते बारक्या माशीचं म्हनले."

"मग बारक्या माशीपुरती गुणाची अन् मोठ्या माशीला खोटारडी? असं कसं जमंल? मानायची तर समदी मान."

अक्कानं पदर तोंडावरून काढला.

काकांनी माझ्याकडून भिंग मागून घेतलं. आधी एक डोळा मिटला, मग दुसरा, मग दोन्ही मिटले. शेवटी जमलं. "एक, दोन, तीन, चार," त्यांनी पट्टे मोजले. "आयला, रोज हाकलतो पन कदी तोंडाकडं बघितलंच न्हाई हिच्या." मग त्यांनी ओल्या-कोरड्याचं विचारलं. माश्या ओलीत वाढतात, विष्ठा कोरडी ठेवली आणि दर आठवड्याला उचलली तर अळीची माशी व्हायला वेळच मिळत नाही, असं मी सांगितलं. उकिरड्यालाही हेच लागू होतं, हे मी जरा हळू आवाजात सांगितलं.

निकाल लागला. शेड राहील. पण अक्कानं भांड्यांखालची ओल बंद करायची, रोज भुसा हलवायचा आणि दर रविवारी विष्ठा काढायची. ती काका आपल्या शेतावर नेऊन वाळवणार. कोंबडखत फुकट मिळत असताना शेड मोडायला आपण येडे न्हाई, असं त्यांनी आता सांगितलं. हे आधी का सुचलं नाही ते कुणी विचारलं नाही. काकीनं उकिरडा दारापासून गोठ्यामागं न्यायचा.

अक्का घरी आल्यावर आधी चुलीपुढं बसली आणि मग हसायला लागली. हसता हसता डोळे पुसले. "तुझं 'आमची' ऐकल्यावर वाटलं, कावून हिला शाळंत घातलं," ती म्हणाली. "पन तू तवा खोटं बोलली असतीस, तर ताटलीतल्या माशा कुनी खऱ्या मानल्या असत्या?" मला हे तोवर सुचलंच नव्हतं. मी खरं बोलले ते डावपेच म्हणून नव्हे; दुसरं बोलायला येत नव्हतं म्हणून. पण अक्काला मी हुशार वाटले तर वाटू द्यावं असं ठरवलं आणि मान डोलावली.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम परत गेले. शेडापुढं काकांची बैलगाडी लागली होती. अक्का आणि दाजी घमेल्यानं खत भरत होते. भांड्यांखाली अक्कानं विटा रचून जाळी टाकली होती. भुसा पायाखाली कुरकुरीत वाजत होता. काकी डोक्याला फडकं बांधून गाडीशी उभी होती आणि हुकूम सोडत होती.

"तिकडच्या कोपऱ्यातलं ऱ्हायलं बघ. अजून दोन घमेली निघत्याल. माज्या लिंबूनीला येगळं पोतं भरून ठिवा."

"काकी," अक्का म्हणाली, "अंगावर माशा येत्याल, लांब उभ्या ऱ्हावा."

"येऊ दे. ह्या काय दूध पीत न्हाईत." काकीनं गाडीत डोकावून बघितलं आणि नाराज झाली. "एवढंच व्हय गं? दीडशे कोंबड्या अन् अर्धी गाडी? जरा वाढीव की कोंबड्या."

"जागा कुठं हाय?" अक्का म्हणाली.

काकीनं बोळीकडं बघितलं, मग शेडाच्या मागं, सामाईक जागेपलीकडं पडलेल्या आपल्या वाटणीच्या तुकड्याकडं बघितलं.

"तिकडं सरकीव शेड थोडं," ती म्हणाली. "माज्या बाजूनं."

अक्कानं घमेलं खाली ठेवलं, माझ्याकडं बघितलं, आणि दाजींना म्हणाली, "अहो, टेप आना घरातली. काकी उभ्या हायेत तवरच मापून घेऊ."